पट्ट्यांचा बांबू

घोड्याला उडी शिकवायची असेल तर आधी त्याच्या पाठीवरून उतरायला शिका, असं आबा म्हणत. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात पाच पिढ्या चाबुकस्वार झाले, म्हणजे कोरा घोडा हाताखाली घेऊन त्याला शहाणा करणारे. नावात चाबूक आहे म्हणून लोक उगाच दचकतात. दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलो तेव्हा आमच्यापाशी ना जहागीर होती ना पालखीचा मान, घोड्याचं तोंड ओळखणारे हात तेवढे होते. पुढे देवासची पागा मोडली, घोडे चारी दिशांना गेले, मोतद्दारांची मुलं गिरणीत आणि कारखान्यात लागली. आबा मात्र घोड्यांच्या मागे मागे धारला आले. धारहून नालछ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ठाकूरसाहेबांची शेती होती आणि त्या शेतीत हौसेपायी पाळलेली सात-आठ जनावरं. आम्हाला तिथेच दोन खोल्या मिळाल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, अकरावीची परीक्षा देऊन घरी बसलेली, आणि मला वाटे की जगात मला येत नाही असं फार थोडं आहे.

आमची आतली खोली आणि तबेला यांच्यात एकच भिंत होती. त्यामुळे घोड्यांचं चघळणं, फुरफुरणं, माशी बसली की पाय आपटणं हे सगळं घरातल्या माणसांच्या आवाजांत मिसळलेलं असे. त्यात वळणावर येणाऱ्या मांडूच्या बसचा भोंगा. आईला सगळं घर जिजी म्हणे म्हणून आम्हीही जिजीच म्हणायचो. जिजीची एक कायमची तक्रार होती की या घरात आधी घोड्याचे हरभरे भिजतात आणि मग माणसाचे. तक्रार खरीच होती. दोन पातेली शेजारी शेजारी भिजत ठेवलेली असत, आणि एकदा पाहुणे आलेले असताना तिने घाईत घोड्याच्या पातेल्यातली उसळ केली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. आबांनी त्यांना जेवण होईपर्यंत काही सांगितलं नाही, नंतर मात्र सांगितलं, आणि तेही अशा थाटात की जणू मोठा मान केला. सकाळी पोहे, दुपारी ज्वारीची भाकरी, पावसाळ्यात मक्याचा कीस, आणि कुणी मांडूहून आलं की तिथली ती लाकडासारख्या कवचाची आंबट चिंच. मी ती खिशात घालून फिरायचे आणि दिवसभर चोखायचे. आज देवासच्या फ्लॅटमध्ये माझी नात ऑनलाइन मागवलेलं काहीबाही खात असते आणि मी हे लिहिते तेव्हा मागून डोकावून विचारते, "आजी, ये 'मोतद्दार' क्या होता है?" घोड्याची सेवा करणारा माणूस, असं मी तिला सांगते. ती म्हणते, "अच्छा, केअरटेकर." मी वाद घालत नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एक घोडा आबांना घेऊन नाल्यात पडला होता. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. घोड्यावर बसणं तर सोडाच, त्यांना घमेलंभर माती उचलता येत नव्हती. ही गोष्ट ठाकूरसाहेबांना नीटशी ठाऊक नव्हती. ते राहायचे इंदूरला आणि जीप घेऊन यायचे ते रविवारी. रविवारी सकाळी आबा दाढी करत, फेटा बांधत, आणि तबेल्याच्या खांबाला पाठ लावून असे ताठ उभे राहत की वाटावं, आत्ता उडी मारून खोगिरावर बसतील. जीप गेली की जिजी गरम विटेचा शेक तयार ठेवायची. चाबुकस्वाराला चालता येत नाही हे मालकाला कळलं तर दोन खोल्यांचं काय होईल, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

आणि त्याच सुमाराला चिमणीचा प्रश्न उभा राहिला. चिमणी म्हणजे तीन वर्षांची घोडी, पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची. अंगाने नाजूक, पण मागचे पाय असे की आबा तिच्याकडे नुसते बघत बसत. ठाकूरसाहेबांच्या पुतण्याने घाई केली. तोंडाला लगाम नीट बसलेला नसताना तिला चरावरून उडवायला गेला, वर असताना लगाम खेचला, दोघंही पडले. त्याला काही झालं नाही. तिला मात्र एवढं पक्कं कळलं की पाठीवर माणूस आणि समोर अडथळा म्हणजे तोंडाला कळ. त्यानंतर जमिनीवर पडलेली काठी दिसली तरी ती चारी पाय रोवून उभी राही. ठाकूरसाहेबांना उडी मारणारी घोडी हवी होती, शोभेची नको होती. एका रविवारी ते म्हणाले, "दशहरे तक देखता हूँ, चाबुकसवार. नहीं कूदी तो देवास वाला ले जाएगा. उसको बारात के लिए सफ़ेद घोड़ी चाहिए."

वरातीच्या घोडीला आबा कमी लेखत नसत. तिच्या पाठीवर बसून लोकांचे संसार सुरू होतात, असं ते म्हणत. पण चिमणी पोत्याच्या सळसळीला दचकायची. तिच्या कानाशी बँड, डोक्यावर दिव्यांची माळ, पोटाखाली फटाके, आणि समोर नाचणारी तर्र मंडळी. "एका मोसमात हिचं काळीज फुटेल," आबा म्हणाले. मग म्हणाले, "हिला एकटीला उडवू. पाठीवर कुणी नको, तोंडात लोखंड नको. उडी हिची हिला परत देऊ, मग माणसाचं बघता येईल." जिजी भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "आणि धावायचं कुणी? तुम्ही?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. जिजीचा हात थांबला. मुलीच्या जातीने घोड्यावर बसायचं नाही, हा तिचा नियम होता, आणि तो तिच्या आईचाही होता. आबा म्हणाले, "बसायचं कुठे आहे? तिच्या पाठीवर कुणीच बसणार नाही." जिजी पुन्हा भाकरी थापू लागली, आणि माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी मला अशी मिळाली.

तबेल्याच्या मागच्या लांब भिंतीला समांतर आम्ही बांबू आणि तरटं लावून एक गल्ली तयार केली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तरटं, रुंदी घोडं वळू शकणार नाही एवढी. या टोकाला मोकळं मैदान, त्या टोकाला तबेला आणि हरभऱ्यांचं घमेलं. घोडा नेहमी घराकडे तोंड करून उडी मारतो, घरापासून दूर कधीच नाही. पहिल्या आठवड्यात उडी नव्हतीच. जमिनीवर बांबू ठेवायचे आणि त्यांच्यावरून तिला चालवायचं, दुडकवायचं, रोज. अंतर आबांच्या सात पावलांचं असायला हवं होतं, पण आता त्यांची दोन पावलं एकसारखी पडत नव्हती. म्हणून माझी नऊ पावलं ठरली. ते मोडक्या बाजेवर बसून बघत आणि मी मोजत असे. मी चुकले तर ते काही बोलत नसत. चिमणीचा पाय बांबूला लागला की तो आवाजच मला सांगे की पाऊल लांब पडलंय. असे गुरू आता मिळत नाहीत, आणि मिळाले तर विद्यार्थी टिकणार नाहीत.

गल्लीतले सगळे बांबू आम्ही चुना आणि गेरूने रंगवले होते. एक हात पांढरा, एक हात तांबडा, असे पट्टे. घोड्याला सपाट रंगाची वस्तू नीट दिसत नाही, पट्टे दिसतात आणि किती उंच ते कळतं. आणि इथेच आबांचा एक नियम होता, जो त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला आणि नंतर कधीही नाही, कारण असल्या गोष्टी एकदाच सांगायच्या असतात. पट्ट्यांचा बांबू गल्लीत, साधा बांबू कुंपणाला. पट्टे म्हणजे ये, साधा म्हणजे थांब. मोकळ्या घोड्याला उडी शिकवणं म्हणजे त्याला हे सांगणं की तुला अडवणारी वस्तू ओलांडता येते. ही माहिती फार थोड्या जागेत ठेवावी लागते. एकदा का त्याला कळलं की कुंपणही बांबूचंच असतं, की मग तो घोडा कुणाचाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी एक बांबू गुडघ्याएवढा उचलला. चिमणी आली, कान टवकारले, थांबली. मी मागे होते, हातात काठीला बांधलेलं जुनं धोतर. ते हलवायचं नाही, नुसतं असू द्यायचं, अशी मला ताकीद होती. ती उभी राहिली. मी उभी राहिले. बाजेवर आबा विडी पेटवायला विसरून बसले होते. बराच वेळ गेला. मग तिने मान खाली घालून बांबू हुंगला, दोन पावलं मागे आली, आणि काही विशेष नसल्यासारखी तो ओलांडून गेली. पलीकडे जाऊन घमेल्यात तोंड घातलं. मी आनंदाने ओरडणार होते, पण गल्लीत बोलायचं नाही हा दुसरा नियम. मी तोंडावर हात ठेवून तिथेच उकिडवी बसले. त्या दिवशी तीन वेळा तिने तो बांबू ओलांडला, आणि तीननंतर बंद. तीन चांगल्या उड्यांनंतरची चौथी घोड्याची नसते, आपल्या हावेची असते, असं आबांचं म्हणणं. मला रोज चौथी हवीशी वाटायची.

श्रावण गेला तोवर बांबू माझ्या कमरेला आला होता. चिमणी आता मला बघून खिंकाळायची. रोज सकाळी मोतद्दार भेरूलाल घोडे मैदानात सोडायचा, मी घमेलं घेऊन जायचे, गल्लीच्या त्या टोकाला ठेवायचे, आणि ती माझ्या हातातलं घमेलं बघूनच पाय नाचवू लागायची. रविवारी मात्र जीप यायच्या आधी हे उरकून मी घरात. जीप आली की आबा खांबाशी ताठ उभे राहून सांगत, "आ रही है हुज़ूर, धीरे-धीरे आ रही है." मी आतून ऐकायचे. कोण आणतंय, हे ते सांगत नसत आणि ठाकूरसाहेब विचारत नसत. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं की तो राग साफ वेडेपणाचा होता. पण सोळाव्या वर्षी आपलं काम दुसऱ्याच्या नावावर चाललेलं बघणं सोपं नसतं, मग तो दुसरा आपला बाप का असेना.

भाद्रपदातल्या एका शनिवारी संध्याकाळी ठाकूरसाहेबांच्या म्हशीने मैदानाच्या फाटकाला अंग घासलं आणि फाटकाचा सगळ्यात वरचा बांबू मोडला. फाटक म्हणजे दोन खांब आणि त्यांच्या भोकांतून आडवे सरकवलेले तीन बांबू. आबा शेक घेऊन पडले होते. नवा बांबू आणायचा तर नालछ्याच्या बाजाराला जायला हवं. भेरूलाल म्हणाला, "रस्सी बाँध दो सुमन बेन, सवेरे देखांगा." दोरी बांधली असती तर काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मालकासमोर फाटकाला लोंबती दोरी मला बघवेना. गल्लीतला एक बांबू बरोब्बर त्या मापाचा होता. मी तो आणून भोकांतून सरकवला, दोन पावलं मागे होऊन पाहिलं, आणि मला तो छान दिसला. पट्ट्यांमुळे फाटक कसं सजल्यासारखं वाटत होतं. नियम आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला होता. एका रात्रीने काय होतंय, असं मनाशी म्हटलं, आणि घोडे तर तेव्हा तबेल्यातच होते.

सकाळी भेरूलालने घोडे मैदानात सोडले. आबा आरशासमोर दाढी करत होते. मी घमेलं घेऊन घरातून निघाले, रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारखं चिमणीने मला पाहिलं. फरक एवढाच होता की आज तिच्या आणि माझ्यामध्ये फाटक होतं आणि फाटकाच्या माथ्यावर पट्टे होते. पट्टे म्हणजे ये. पलीकडे मी, माझ्या हातात हरभरे, माझ्या मागे घर. तिने काहीच चूक केली नाही. मैदानाच्या मध्यापासून दुडकत आली, शेवटची तीन पावलं लांब टाकली आणि माझ्या छातीएवढं उंच फाटक हात-दीड हात वरून ओलांडून माझ्यापुढे उतरली. असली उडी मी त्यानंतर आजतागायत पाहिलेली नाही. तिने घमेल्यात तोंड घातलं. मला तिच्या मानेला हात लावायचा होता, आणि तेवढ्यात वळणावरून ठाकूरसाहेबांची जीप भोंगा वाजवत आत आली.

ती उधळली. जीपच्या बाजूने रस्त्यावर गेली. समोरून मांडूची बस येत होती, तिचे ब्रेक असे किंचाळले की स्वयंपाकघरातून जिजी पीठभरल्या हातांनी बाहेर आली. बस थांबली. पण तिच्या मागून येणारा दूधवाला सायकलवरून थेट चरात गेला, दोन्ही कॅन रस्त्यावर, सगळीकडे दूध, आणि त्याच्या कोपरातून रक्त. भेरूलाल ओरडत धावला, "अरे भिया, घोड़ी तो उड़ी गी!" मी अनवाणी त्याच्या मागे. मैलभरावर एका मक्याच्या शेतात ती सापडली. एका भिल्ल बाईने आपली ओढणी तिच्या गळ्यात टाकून तिला धरून ठेवलं होतं आणि चिमणी तिचीच कणसं खात होती. "सगलो मक्को खई गी थारी घोड़ी," बाई म्हणाली, पण तिचा हात घोडीच्या मानेवरून फिरतच होता. गुडघ्यावर थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. चिमणी थरथरत होती.

आम्ही परतलो तेव्हा ठाकूरसाहेब फाटकाशी उभे होते आणि आबा त्यांच्यासमोर, एका गालाला साबण तसाच. दूधवाल्याला जिजीने हळद लावून ओसरीवर बसवलं होतं. ठाकूरसाहेब घोड्यांतले अडाणी नव्हते. त्यांनी हातातली काठी त्या बांबूवर आपटली. "ये रंगा हुआ बाँस फाटक पर किसने लगाया?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने, हुज़ूर."

"आपने? चाबुकसवार होके?" ठाकूरसाहेबांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "पाँच पीढ़ी का नाम बताते हो. आज दूध गिरा है, कल आदमी गिरेगा. देवास वाले को कल ही बुलवाता हूँ."

मी चिमणीच्या गळ्यातली दोरी भेरूलालच्या हातात दिली आणि पुढे गेले. "मैंने लगाया था."

ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "बाप को बचा रही है. अच्छी बात है. अंदर जा, बेटा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी चूक माझी आहे, हे त्यांना पटवायचं तर काम माझं आहे, हेही सांगावं लागेल. आणि काम माझं आहे हे सांगितलं की आबांचा पाय उघडा पडेल. मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार वेळ वाट पाहिलीही नाही. मी बोलले. ज्येष्ठापासून गल्लीत मीच धावते आहे, अंतर माझ्या नऊ पावलांचं आहे, आबा बाजेवरून शिकवतात, त्यांना धावता येत नाही, बसता येत नाही, रविवारी ते खांबाच्या आधाराने उभे असतात. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. रागात बोलले की प्रेमाने, हे मला आजही धड सांगता येत नाही. दोन्ही होतं.

ठाकूरसाहेब म्हणाले, "तू सिखाती है? ठीक है. दिखा. अभी."

चिमणीचे पाय अजून थरथरत होते. तोंडाला फेस होता. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. तिने उडी मारली असती तर ती वाचली असती, मी खरी ठरले असते. मी म्हटलं, "आज नहीं. आज डरी हुई है. नहीं कूदेगी, और कूदी तो बिगड़ेगी. कल सुबह."

"और मैं आज ही देखना चाहूँ तो?"

"तो देवास भेज दीजिए."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. जिजीने ओसरीवर 'अगं बाई' म्हटलेलं मी ऐकलं. ठाकूरसाहेब आबांकडे वळले. "ये तो आपकी ज़बान है, चाबुकसवार," ते म्हणाले आणि दूधवाल्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आबा त्या दिवशी खांबाशी उभे राहिले नाहीत, बाजेवर बसले. मी फाटकाला साधा बांबू घातला होता आणि गल्लीतला पट्ट्यांचा बांबू कमरेएवढा ठेवला होता. चिमणी तीन वेळा आली, तीन वेळा उडाली, हरभरे खाल्ले. ठाकूरसाहेबांनी काठी बगलेत धरून सगळं पाहिलं. त्यांनी चौथी मागितली नाही, एवढं घोड्यांचं शहाणपण त्यांच्यात होतं. मग त्यांनी निकाल दिला. घोडी देवासला जाणार नाही. पण इथेही राहणार नाही. जिला फाटक कळलं तिला बांबूच्या मैदानात कसं ठेवायचं? महूला त्यांचे एक फौजी मित्र होते, त्यांच्या आवाराला पुरुषभर उंच दगडी भिंत होती. ती तिकडे जाईल. आणि आबांनी यापुढे दाणागोटा बघावा, खोल्या आहेत तशा राहतील. हे शेवटचं त्यांनी बरंच आदराने सांगितलं. आबांनी हात जोडले. त्या दिवसानंतर त्यांना कुणी चाबुकसवार म्हणून हाक मारली नाही. 'दाने वाले काका' म्हणू लागले.

जिजी मला म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण खरं बोलायलाही जागा बघावी लागते." मी तिच्याशी भांडले. भांडून झाल्यावर गोठ्यामागे जाऊन रडले. चिमणी वरातीत गेली नाही यात मला सुख होतं, आणि ती माझ्यामुळे गेली याचं दुःख होतं, आणि आबांचं नाव मी चारचौघांत काढून घेतलं हे त्या दोन्हींपेक्षा मोठं होतं. आबा माझ्यावर रागावले नाहीत. ते फक्त बोलायचे कमी झाले. हरभरे मोजून द्यायचे, कोंडा चाळायचे. ज्या दिवशी महूचा ट्रक आला त्या दिवशी ते काठी टेकत बाहेर आले, ट्रकच्या फळीवर स्वतः पाय देऊन ती हलते का बघितलं, खाली वाळू नीट पसरायला लावली. चिमणी चढली. मी तिला घमेलं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ती ट्रकातून उडी मारून आली असती, याची मला खात्री होती. पुढे दीड-दोन वर्षांनी कळलं की तिकडे तिने स्वार घेतला आणि चांगली उडते. लग्न होऊन मी देवासला आले. अजूनही खालून वरात चालली की मी खिडकीशी जाते आणि घोडीचे कान बघते. सवय आहे, दुसरं काही नाही.

ट्रक गेल्यानंतर आठवड्याभरात खंडेनवमी आली. आमच्याकडे शस्त्रं नव्हती. पाटावर मांडला जायचा तो खरारा, लगाम, पणजोबांच्या वेळचा एक चाबूक आणि नाल, झेंडूची फुलं घालून. नैवेद्याला पुरणपोळी. आणि पूजा झाली की घरातला चाबुकस्वार उभा राहून यादी म्हणायचा. ती दुसऱ्या कुणी म्हणायची नसे आणि लिहूनही ठेवायची नसे. आमच्या घराण्याने शिकवलेल्या घोड्यांची ती यादी. घोड्याचं नाव, कुणी शिकवला, काय चांगलं झालं, काय चुकलं. त्या वर्षी मला वाटलं होतं की आबा ती म्हणणारच नाहीत. जिजीलाही तसंच वाटलं असावं, कारण आरती होताच ती ताट वाढायला उठली. पण आबा काठी धरून उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. मोती, खापरपणजोबांचा, चाल उत्तम, तोंड डावीकडे कडक राहिलं. बिजली, आजोबांची, तोफेला भीत नसे, चढणीला घाई करी. एकामागून एक, जुन्या मराठीत, आवाज न चढवता. वडिलांचे घोडे झाले. स्वतःचे झाले. शेरू, माझा, गर्दीत शांत, लगाम लवकर दिला. इथे यादी दरवर्षी संपत असे. आबा थांबले, आणि मग त्याच आवाजात म्हणाले,

"चिमणी. सुमनची. उडी उत्तम, स्वाराशिवाय. फाटक चुकलं."

जिजी ताट हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, सणाच्या दिवशी ते फाटक कशाला?"

"मग काय म्हणू? या यादीत एक तरी घोडा आहे का, ज्यात काही चुकलं नाही?" आबा म्हणाले. मला हुंदका आला आणि तो मी दाबला नाही. त्यांनी एका हाताने पाटाची कड धरली, दुखरा पाय लांब करत सावकाश खाली बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून तू म्हण."